वरून दे

माय, त्या दिवशी सकाळी तू अंगणात सडा टाकत होतीस आणि मी चुलीतली राख उकरून भांड्यांसाठी कोपऱ्यात लावत होते. थंडीचे दिवस होते. कापूस वेचायला आलेल्या बाया ओट्याच्या खाली उन्हाला उभ्या आहेत, आणि तू सडा टाकता टाकता त्यांना आज कोणत्या वावरात जायचं ते सांगते आहेस. त्यांच्यात माझ्याएवढी एक पोरगी आहे, आईचा पदर धरून उभी. तिने पाणी मागितलं. मी उठले, रांजणातून तांब्या भरला आणि तिच्या हातात दिला. एवढंच झालं. तिने तो दोन्ही हातांनी धरला, पण तोंडाला लावला नाही. मान मागे टाकून वरूनच प्यायली. तिला तिच्या आईने शिकवलेलं होतं. न शिकलेली मीच होते.

तू बादली खाली ठेवलीस. ओरडली नाहीस. "तिच्या हातात काऊन देल्ला वं? वरून दे म्हणून कितीदा सांगतलं तुले," असं म्हणालीस, आणि तांब्या सांडशीत धरून चुलीतल्या इंगळांवर ठेवलास. पितळ काळं पडत गेलं. ती पोरगी उंबऱ्यापलीकडून पाहत होती. तिची आई तिला ओढत नव्हती. तांब्या शुद्ध होईपर्यंत सगळ्या बाया तशाच उभ्या होत्या, जणू तेही त्या दिवसाच्या कामातलं एक काम होतं. मग त्या वावरात गेल्या आणि तू मला तो तांब्या चिंचेने घासायला लावलास. माझी बोटं चुरचुरली.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला तू माझा लाल परकर काढलास. जानेफळच्या बाजारातून आणलेला, मला आखूड झालेला, पण रंग अजून तसाच. तू त्या पोरीला हाक मारलीस. तिने ओटी पसरली आणि तू ओट्यावरून तो परकर तिच्या ओटीत सोडलास. तिच्या आईने तुला आशीर्वाद दिला. आत आल्यावर मी तुझ्याकडे पाहत असेन, कारण तू म्हणालीस, "अशी काय पाहतं? मी का वाईट हाओ का वं?" मी तेव्हा आठ वर्षांची होते. तू जाऊन आता वीस वर्षं होत आली आणि उत्तर अजून सुचलेलं नाही. तू वाईट नव्हतीस. पण परकरसुद्धा वरूनच पडला होता, माय.

त्या दिवसापर्यंत ती पोरगी मला 'तू' म्हणायची. नंतर 'तुमी' म्हणायला लागली. मी मात्र तिला आजही 'तू'च म्हणते. हे मला गेल्या आठवड्यापर्यंत कधी जाणवलंही नव्हतं.

तुला वाचता येत नव्हतं आणि मला दुसरीतच शाळेतून काढलं. पुढचं मी पुड्यांच्या कागदांवर शिकले. डाळीची पुडी सोडली की कागद चुलीपुढे उलगडायचा आणि अक्षर लावत बसायचं. अर्ध्यात फाटलेली बातमी मी तुला वाचून दाखवायची, तर तू म्हणायचीस, कागदावर लिहिलं म्हणजे ते खरं असते का? आता ग्रामपंचायतीत पेपर येतो, लहानशी वाचनपेटी येते, आणि मी पुस्तक मागायला गेले की शिपाई म्हणतो, बाई, हे तुमी वाचलेलं हाय. तरी तुझा तो प्रश्न सुटला नाही. आज तर मला तो माझ्याच अक्षराबद्दल विचारावासा वाटतो.

देऊळघाटच्या सासरहून मी पांढऱ्या कपाळाने परत आले ते वर्ष तुला आठवत असेल. त्या संक्रांतीला आपल्याकडे बाया आल्या होत्या. तू मला ओसरीच्या कडेला बसायला सांगितलंस. हळदीकुंकवाचं ताट माझ्यासमोरून पुढे गेलं, ते ठीकच होतं, मला माहीत होतं. पण तिळगूळ देताना तू माझ्या तळहातावर तो वरून सोडलास. तुझी बोटं मला लागली नाहीत. बाया बघत होत्या म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी तू माझ्या डोक्याला तेल लावलंस, खूप वेळ लावलंस. मी तुला त्याबद्दल कधी विचारलं नाही. पण ती बोटं न लागणं मी विसरले नाही, आणि विसरले नाही म्हणूनच मला वाटत होतं की हे सगळं मला इतर बायांपेक्षा जास्त कळतं.

तू गेल्यावर पुष्कळ बदललं. आपला मुलूख महाराष्ट्रात आला. गावाच्या खालच्या अंगाला जी वस्ती आहे तिथल्या सगळ्या घरांनी दीक्षा घेतली, देव्हारे काढले. मास्तरांनी शाळेत सांगितलं की आता त्या वस्तीला बौद्धवाडा म्हणायचं. जुनं नाव लोकांच्या तोंडून अजून निसटतं; मी ते इथे लिहीत नाही. वस्तीत शिकवणीचा वर्ग निघाला, आणि तुझा परकर ओटीत घेणारी ती पोरगी, आता नातवंडांची आजी, त्या वर्गात बसून शिकली आणि चौथीची परीक्षा पास झाली. मी पुड्यांवर शिकले, ती त्या वर्गात. गावात वाचणाऱ्या बाया म्हणशील तर आम्ही दोघीच.

यंदा ग्रामसेविका आली. तरणी पोरगी, पुण्याकडची, शब्द स्वच्छ, सायकलवर बसते. तिने महिला मंडळ काढलं आणि मला चिटणीस केलं, कारण लिहिता येतं. मंडळाची बालवाडी सुरू व्हायची होती, मुलांना वाटायला दुधाची भुकटी आली होती. ती कालवून पेल्यांत वाढायला एक मदतनीस हवी होती. वस्तीतली ती चौथी पास झालेली, तिचं नाव ग्रामसेविकेनेच सुचवलं. मंडळ सर्व समाजाचं असलं पाहिजे, म्हणाली. सभेला ती आणि वस्तीतल्या आणखी तीन बाया आल्या, सतरंजीच्या टोकाला बसल्या. ग्रामसेविकेने त्यांना मध्ये बोलावलं, तेव्हा सगळ्याच बाया थोड्या थोड्या सरकल्या, त्यामुळे त्या मध्ये आल्या तरी टोकालाच राहिल्या. मग सरपंचाच्या बायकोने हसत माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दीक्षेवाल्याईचं कपाळ मोकळं, रांडक्याईचं मोकळं. आता मानसानं वळखावं तरी कोनाले?" सगळ्या हसल्या. माय, मीही हसले. ती हसली नाही.

मग बोलणं दुधावर आलं. कोणी उघड नाही म्हणेना. एक म्हणाली, आमचं काही नाही, पण लेकरांच्या आज्या ऐकतील का? दुसरी म्हणाली, तिनं झाडलोट करावी, भांडी घासावी, त्याले कोन नाई म्हनते? तिसरीचं म्हणणं, सरकारी दूध हाय, सरकारनंच येऊन वाढावं. ग्रामसेविका गोंधळली होती. तिला वाद नको होता, तिला वरच्या साहेबांना कळवायचं होतं की मंडळ सर्वांचं झालं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाचणारी, शहाणी, कुणाच्या अध्यात नाही. आणि मी तोडगा काढला. मी म्हणाले, भुकटी तिनं कालवावी, पातेलं तिनं आणावं, आणि वाढण्यापुरती मी उभी राहीन. घरून आमचं लांब दांड्याचं ओगराळं आणते, म्हणजे कुणालाच हात लावायचा प्रश्न नाही. सगळ्यांना बरं वाटलं. ग्रामसेविका म्हणाली, किती छान मार्ग काढलात. मी वहीत माझ्या चांगल्या अक्षरात ठराव लिहिला: सर्वांच्या सोयीसाठी दूधवाटपाचे काम चिटणीस स्वतः पाहतील.

वस्तीतल्या बायांमधून ती उठली. तिने वही मागून घेतली आणि ठराव वाचला, मनात नाही, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "सर्वांच्या" या शब्दाशी थांबली, माझ्याकडे पाहिलं, मग उरलेला वाचला. वही माझ्या हातात दिली, खरंच हातात, आणि वस्तीतल्या बायांना घेऊन निघून गेली.

दोन दिवसांनी मी तिच्या घरी गेले. समजावून सांगायचं होतं. तिने अंगणात खाट टाकली, मी बसले. मी म्हणाले, आधी सुरुवात तर होऊ दे, हळूहळू लोक बदलतील, मी काय तुझ्या वाईटावर आहे का? बोलताना मला ते वाक्य कुठून आलं ते कळलं आणि जीभ अडखळली. ती सूप घेऊन तूर पाखडत होती. पाखडता पाखडता म्हणाली, "ओगराळ्याचा दांडा किती हाताचा हाय, बाई?" मग मी, माय, तुझा तिळगूळ तिला सांगितला. मी म्हणाले, मलाही वरून दिलेलं आहे, मला काय कळत नाही? तिने ऐकून घेतलं. सूप खाली ठेवलं. रागावली नव्हती, रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. म्हणाली, "तुमाले ओसरीच्या कडंले बसोलं, मान्य हाय. थे वाईटच झालं. पन आमाले ओसरीच नोती, बाई. तुमचं दुख मोठं हाय, पन थे घिऊन माह्या मापात टाकू नका."

मग उठताना तिने आणखी एक सांगितलं. नातीला बालवाडीत पाठवणार आहे. दूध तुमच्या हाताने मिळो नाहीतर कुणाच्या, पोरीनं शाळा सोडायची नाही. "माहं म्हननं एवढंच, तिले खाली पाहून द्या."

परवा दूध सुरू झालं. मुलं रांगेत मांडी घालून बसली, समोर आपापले पेले. मी पातेलं घेऊन निघाले. पाटलांचा नातू, तेल्याचा, सोनाराची मुलगी, मी वाकून वाकून वाढते आहे, ओगराळं पेल्याच्या कडेला टेकवून, सांडू नये म्हणून. आठवीनववी तिची नात होती. लाल झगा, दोन वेण्या. मला आठवत होतं, खाली पाहून द्यायचं. मी तिच्याकडे पाहिलंही. आणि माझा हात वर गेला. मी उचलला नाही, माय, तो गेला. दूध हातभर उंचीवरून पेल्यात पडलं, अर्धं पेल्यात, अर्धं तिच्या झग्यावर. पोरीने झग्याकडे पाहिलं, मग शेजारच्या पेल्याकडे, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "मले वरून काऊन?" पोरं हसली. पातेलं आणून ठेवून तिची आजी दारात उभी होती. तिने पाहिलं. ती आत आली, पदराने पोरीचा झगा पुसला, आणि बाहेर गेली.

मला वाटत होतं, तू मला शिकवलंस ते मी वाचून वाचून पुसून टाकलं. ते मनातून गेलंही असेल. हातातून गेलं नाही. कपाळ पाहून ओळख पटेना म्हणून सभेतल्या बाया हसल्या होत्या. माझ्या हाताने मात्र बरोबर ओळखलं. सरपंचाची बायको निदान उघड बोलली. मी ठराव लिहिला, आणि चांगल्या शब्दांत लिहिला. ओगराळं तुझंच आहे, पितळेचं, दांड्याला तू बांधलेली तार अजून तशीच आहे. तू असतीस तर मी तुला दोष दिला असता, आणि तू म्हटलं असतंस, म्या का तुह्या हातात दोरी बांधून ठेवली होती का? खरं आहे. तू गेलीस त्या वयापेक्षा आज मी मोठी आहे. हात माझा आहे.

हे पत्र मी कुठे टाकणार? तुला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवायला मीच होते. घडी करून ठरावाच्या वहीत ठेवेन म्हटलं, तर वही मंडळाची आहे. पुड्यांचे कागद ठेवते त्या डब्यात ठेवीन.

पण लिहायला बसलेच आहे तर तेही सांगते. त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, पहाटे उठले, सडा टाकला, चूल पेटवली, ओगराळं घासून ठेवलं. तिच्या दारात जाऊन तुम्हीच वाढा म्हणायचं, असं रात्रीपासून घोकत होते; 'तुम्ही' म्हणून पाहिलंही, दोनदा, चुलीपुढे. मग शाळेची घंटा झाली, आणि अंगात कणकण आहे असा मी शेजारणीकडून निरोप पाठवला. ताप नव्हता. दार लोटून घेतलं आणि तुला हे लिहायला बसले, ते आज संपतं आहे. दूध कोणी वाढलं, ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही.