वीरगळ खालून वाचतात

प्रिय मुकुल,

फोन सोडून म्हातारी कागद का खरडत बसली म्हणून हसशील. हस. चौथी नापास बाईचं अक्षर आहे, लागेल तसं लाव. मंदाकिनी भाजी घेऊन माजिवड्याला येते, तिच्याच हातात देतेय. फोनवर बोलायची ही गोष्ट नाही.

काल हरिहरशेठ घरी आलेला. तीस वर्षांत ह्या दाराकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि काल चपला बाहेर काढून माझ्या पाया पडला. म्हणाला, मुकुलने रेतीची होडी एकट्याने अडवली, असा वाघ अख्ख्या आंबिवलीत नाही, रविवारी देवळासमोर शौर्य पुरस्कार देतो. होडी ह्याचीच, आणि वाघ म्हणे तू! मंगळवारी कोर्टात तुझी साक्ष कुणाविरुद्ध आहे, ते मला काय ठाऊक नाही? चहा मात्र बशी चाटून प्यायला मेला. तुझी हेमाआत्या तर सत्काराला नेसायची साडी इस्त्रीला देऊन आली. तिला अक्कल कधी होती?

देवळामागचा वीरगळ आठवतो ना? त्याला टेकून तू बोरं खायचास. तुला वाटायचं, पेपरासारखा तोही वरून वाचायचा. वर माणूस पिंडी पुजतोय, मधे अप्सरा त्याला खाली आणतायत, तळाला तो गाईंपाशी मरून पडलाय. मी टाळक्यात मारलेली. वीरगळ खालून वर वाचतात रे. आधी गाई सोडवताना माणूस पडला, मग अप्सरांनी वर नेला, मग देवापाशी बसला. आणि एवढं झाल्यावर गावाने दगड उभा केला. जुन्या लोकांना तेवढी समज होती. जित्या माणसाचा दगड कुणी घडवत नव्हतं.

तुझा आजा दौलत पाय घसरून बुडाला, असं तुला सांगत आलेय. भर पुरात उल्हास नदी पोहून जाणारा माणूस, त्याचा पाय घसरतोय? दौलतने हरिहरच्या बापाच्या होड्या अडवलेल्या. बापाने त्याला देवळासमोर बसवला, वाघ म्हणाला, शाल घातली. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी तो नदीत सापडला. ही माणसं वीरगळ तुझ्यासारखी वरून वाचतात, मुकुल. आधी मान, मग खाली. काल जाताना हरिहर शाल ठेवून गेलाय, रविवारी आजीनेच घालायची म्हणे. तीच लाल किनार. पेटीत दौलतच्या शालीवर ठेवलीय. साक्ष द्यायची तर दे, मी आडवी येणार नाही. चार माणसं बरोबर घेऊन ठाण्याहून थेट कल्याणच्या कोर्टात जा. पण रविवारी इकडे पाऊल टाकू नको. माझ्या टाळ्या एकदा वाजवून झाल्यात.

तुझीच,
गंगुआजी