पितळेची चकती

३ नोव्हेंबर, सोमवार

दुकानात बाकाखाली झाडताना पितळेची चकती सापडली. बटणापेक्षा थोडी मोठी, मधे भोक, कडेला कानशीची बारीक खाच.

परवाच मुहर्रम बे भागातल्या सात मजली इमारतीच्या लिफ्टचा ब्रेक दुरुस्त करून दिला. तारेचे वेढे घालून कॉइल मी भरली, जोडणी मी केली. चार स्क्रू आवळलेले आठवतात. चकती रॉकेलमधे धुतलेली आठवते. बसवलेली — नाही आठवत! लिफ्टचा मिस्त्री शौकी दारात उभा राहून घाई करत होता, ‘उस्तांना सांग, लोक जिने चढून मेले.’ आणि मी पडद्याआड घामाघूम. आत काम करतात ते उस्ता, म्हणजे कारागीर माझे बाबा, नाहीत, त्यांची मुलगी आहे, हे त्याला कळू नये म्हणून.

कुणाला सांगू?

४ नोव्हेंबर, मंगळवार

झोप नाही. नऊ वर्षांची होते तेव्हा बाबांनी शिकवलं होतं ते डोक्यात घुमतंय. कॉइलमधून वीज गेली की तिचं चुंबक होतं, लोखंडाची फळी ओढून धरतं, ब्रेक सुटतो, लिफ्ट चालते. वीज तोडली की फळी सुटते, स्प्रिंगा ब्रेक आवळतात, लिफ्ट जागच्या जागी थांबते. मधली पितळेची चकती एवढंच बघते, की लोखंड लोखंडाला टेकू नये. कारण टेकलं की थोडं चुंबकपण वीज गेल्यावरही मागे उरतं. बाबा म्हणायचे, “लोखंड पाचशे वेळा सोडेल गं दौलत. पाचशेएकाव्या वेळी नाही सोडणार.”

शनिवारपासून किती वेळा झालं असेल? सात मजले, चौदा बिऱ्हाडं, शाळेची पोरं. हिशेब करायला बसले आणि सोडून दिला.

५ नोव्हेंबर, बुधवार

जाऊन आले. लिफ्ट चालू! दारवान बयूमीकाका खुर्ची टाकून शेंगा सोलत बसलेले. मी म्हटलं, लिफ्ट दोन दिवस बंद ठेवा, उस्तांना एकदा बघायचंय. ते म्हणाले, उस्तांनी स्वतः येऊन सांगावं, पोरीबाळींच्या सांगण्यावरून लिफ्ट बंद ठेवली तर सहाव्या मजल्यावरची बाई त्यांनाच खाली फेकील.

मी पुठ्ठ्यावर ‘लिफ्ट बंद’ लिहून दाराला टांगलं आणि पळाले. वर गेलेली पोरं कशी उतरणार, मधेच अडकली तर काय, काही सुचलं नाही.

शौकी दमनहूरला नव्या कामावर. पुढच्या बुधवारी येणार. फोन उचलत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

बाबा दर गुरुवारी हिकमत सरांकडे सोंगट्या खेळायला जातात. ती दुसरी इमारत, पाचवा मजला. आज परत आले ते लंगडत. नडगी सोललेली. लिफ्टमधून बाहेर पडताना उंबरा दिसला नाही, पाय अडकून पडले. “डोळे आता उंबऱ्यालाही ओळखत नाहीत,” म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही. हळद लावली, पट्टी बांधली. त्यांचे डोळे इतक्या लवकर जातील असं डॉक्टर म्हणाले नव्हते.

तेवढ्यातही बढाई चालूच. हिकमत सरांच्या लिफ्टचा ब्रेक गेल्या महिन्यात बाबांनी एकट्याने भरला — मी तांता गावी लग्नाला गेले होते तेव्हा. बोटांनी चाचपून, वेढे तोंडाने मोजत. आज सरांनी चार लोकांत कौतुक केलं म्हणे. दोनदा सांगून झालं. जेवताना तिसऱ्यांदा.

आज सांगणार होते. कसं सांगणार? चाळीस वर्षांत या दुकानातून एक काम परत आलं नाही. आणि मी आणणार!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुकान बंद. फूलच्या दाण्यांची उसळ आणि भाकरी समोर ठेवून बसले, घास उतरेना. बाबांनी विचारलं, आजारी आहेस का? नाही म्हटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

पाटी गायब. बयूमीकाकांनी पुठ्ठा खुर्चीखाली घातलाय, बसायला! लिफ्ट वरखाली. मी जिन्याने सातव्या मजल्यापर्यंत चढले, यंत्राच्या खोलीला कुलूप. दाराला कान लावून उभी राहिले. टक — ब्रेक सुटला. टक — बसला. टक. टक. प्रत्येक दुसऱ्या टकेची वाट बघताना जीव टांगणीला. अर्ध्या तासात एकदाही चुकली नाही. हा दिलासा आहे की पाचशेएक जवळ येतंय?

भित्री आहे मी. लोक मरतील या भीतीपेक्षा दुकानाचं नाव जाईल ही भीती मोठी ठरली का? पाच दिवस झाले. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते.

१० नोव्हेंबर, सोमवार

शौकीने फोन उचलला! ब्रेकमधे चूक आहे एवढंच सांगितलं. तो म्हणाला, बुधवारी सकाळी पहिलं काम तेच, तोवर बयूमीला सांगून मेन स्विच पाडायला लावतो.

पाडला. जाऊन पाहिलं. बायका पिशव्या घेऊन जिने चढत होत्या आणि बाबांचं नाव घेऊन शिव्या देत होत्या. आठ दिवसांनी पोटभर जेवले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सगळं ओळीने लिहिते.

सकाळी शौकीबरोबर सातव्या मजल्यावर. त्याने पाना हातात घेतला तेव्हा मी सांगून टाकलं — कॉइल मी भरली. दोन वर्षं मीच भरते. बाबांना दिसत नाही. चूक झाली ती माझी.

शौकी स्क्रू सोडवत राहिला. म्हणाला, “उस्तांच्या कॉइलच्या तारेची गाठ उजवीकडे असायची. दोन वर्षं डावीकडे येते. तू चहाचा पेलाही डाव्या हाताने देतेस. तुला काय वाटलं, मी पण आंधळा आहे?”

दोन वर्षं पडद्याआड घाम गाळला, तो कशासाठी!

मग फळी सुटून हातात आली. चकती जागेवर होती.

होती! माझ्याच हाताने बसवलेली, सरळ, स्वच्छ. शौकी म्हणाला, माझी न्याहारी वाया घालवलीस, आता तूच खायला घाल. मी हसत सुटले. हसता हसता हात खिशात गेला, आणि खिशातली चकती बोटांना लागली.

मग ही कुणाची?

दुकानात महिन्याभरात ब्रेक दोनच आले. एक हा. दुसरा...

उंबरा! बाबांना उंबरा दिसला नाही असं नव्हतं. लिफ्टच वीतभर खाली थांबली होती.

धावत गेलो. ट्रामचीही वाट पाहिली नाही. हिकमत सर दारातच भेटले. हो, पंधरवडाभर लिफ्ट कधीकधी मजला चुकवते, आम्ही पाय उचलून बाहेर येतो, त्यात काय एवढं! लिफ्ट वर कुठेतरी होती, आतून लहान मुलाच्या रडण्याचा आवाज येत होता. शौकी ओरडला, कुणी बटण दाबू नका. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. तिसरा मजला. टक — सुटला. दुसरा मजला. दुसरी टक आली नाही. लिफ्ट मजल्यावरून पुढे सरकली, सरकतच राहिली. मग टक. कमरेएवढी खाली थांबली. शौकीने दार उघडून बाईला आणि तिच्या तान्ह्या पोराला वर ओढून घेतलं. मी तिथेच पायरीवर बसले.

स्विच पाडून ब्रेक उघडला. चकती नव्हती. लोखंडाला लोखंड घासून आरशासारखं चकाकत होतं. कॉइल मात्र इतकी सुरेख भरलेली, की एक वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. बाबांची गाठ, उजवीकडे. खिशातल्या चकतीवरची खाचही त्यांचीच, बोटांना ओळखता यावी म्हणून कानशीने केलेली. खिशातली बाबांसाठी ठेवली, दुकानातून नवी चकती आणली, शौकीने जागा दिली, मीच बसवली. वीस फेऱ्या करून पाहिल्या.

शौकी विचारत होता, उस्तांना काय सांगायचं? मी म्हटलं, ते माझ्यावर सोड.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बाबांना सांगितलं, हिकमत सरांचा ब्रेक बिघडला होता. तुम्ही भरलेल्या कॉइलला काही झालेलं नाही. मी तांत्याहून आल्यावर पुसायला म्हणून उघडला होता, तेव्हा चकती घालायची राहिली. चूक माझी. आणि चकती त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी अंगठा कडेवरून फिरवला. खाचेपाशी थांबला. मग चकती खिशात टाकली.

“नवी कुणी बसवली?”

मी म्हटलं, मी.

“मग लिफ्टनेच जातो,” म्हणाले, आणि काठी घेऊन सोंगट्या खेळायला निघाले.