दोन तारखांची नळी

२ डिसेंबर

प्रिय ताई,

"ऐक गं धांदरटे, एन्झाइम एकदा वितळलं की परत गोठवायचं नाही. उरलं तर फेकायचं, जीव गुंतवायचा नाही." लॅबमधल्या माझ्या पहिल्याच दिवशी तू म्हणाली होतीस. अकरा वर्षांनी पत्र लिहायला बसले आणि आधी तेच आठवलं.

बरी असशील. मी ठीक. चष्म्याचा नंबर वाढलाय, पाठ कुरकुरते. तुझ्या स्टुलाचं एक चाक निखळलंय, तरी मी त्यावरच बसते. आई अजून विचारते, "तुम्ही बायका दिवसभर करता तरी काय?" मी सांगते, माणसाचं एन्झाइम जिवाणूंकडून बनवून घेतो, ते पेशीतल्या बिघडलेल्या प्रथिनांवर 'हे मोडीत काढा' अशी खूण लावतं. ती म्हणते, "मग थोडं घरी आण. तुझ्या बाबांच्या रद्दीला लावू."

गेल्या आठवड्यात जुना फ्रीझर रिकामा केला. तळाशी तुझा डबा. त्यात एन्झाइमची एकच नळी, झाकणावर दोन तारखा. दुसरी माझ्या अक्षरात.

आत्ता कळलं असं नाही, ताई. मला तेव्हाच माहीत होतं.

तुझा प्रयोग पाहायला परीक्षक यायच्या आदल्या दिवशी ती नळी मी टेबलावर विसरले. दुपारभर. घाबरून परत गोठवली, आणि काही ठेवलं की तारीख घालायची ही तूच लावलेली सवय, म्हणून हाताने आपसूक नवी तारीख घातली. सकाळी तू घाईत तीच घेतलीस. परीक्षकांसमोर प्रयोगात खूण कुठेच उमटली नाही. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मग खूण उमटल्याचे आधीचे फोटो कुठून आणलेत, बाई?" तू झाकण पाहिलंस, मग माझ्याकडे. मी बर्फ फोडत राहिले.

तू माझं नाव घेतलं नाहीस. नोकरी सोडलीस. आणि सगळं फेकायला सांगणारी तू, ती नळी मात्र डब्यात ठेवून गेलीस.

सरांना मी सगळं लेखी दिलंय, सहीनिशी. "इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढता?" म्हणाले. पण कागद ठेवून घेतला. आता फार दमलेय गं.

नवं एन्झाइम तयार आहे. एक दिवस ये. सरांसमोर तोच प्रयोग तुझ्या हातांनी कर. मी फक्त बर्फ आणून देईन, टेबलाजवळही येणार नाही. तू नाही म्हणशील, मला ठाऊक आहे. तरी ये.

तुझी,
धांदरट