दादाची उपाशीपोटीची साखर

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी अजून रागातच आहे, म्हणून फोन उचलत नाही. तुझ्या बेकरीतले केक खाऊनच माझ्या चिमणीची साखर वाढली, हे मी बोलले ते मागे घेत नाही. पण काम तुझ्याशीच आहे.

नव्या डॉक्टरबाई म्हणतात, साखर फार नाही, पण कायम थोडी जास्त. केक बंद केले तरी आकडा हलत नाही. माझी तपासली, तर तीही तशीच! हे आपल्या घरातूनच आलं असेल तर तुझ्यातही दिसेल, आणि मग हा वाढत जाणारा मधुमेह नसेल, कदाचित पोरीच्या सुया टळतील. नाहीतर ऑगस्टपासून रोज इन्शुलिन. चार वर्षंसुद्धा पुरी नाहीत रे तिला! उपाशीपोटी रक्त दे आणि आकडा कळव.

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी

१२ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

रिपोर्ट आला एकशे ब्याऐंशी! माझं धाबंच दणाणलं. तुझ्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, सकाळपासून काय खाल्लं? मी छातीठोक सांगितलं, काही नाही, चहासुद्धा नाही. तेवढ्यात मागून तुझी वहिनी ओरडली, की मग पहाटेपासून पाच भांड्यांतलं केकचं मिश्रण आणि क्रीम कोण चाटत होतं? आता मला सांग, चव बघणं म्हणजे काय खाणं झालं? बावीस वर्षांत मी ते कधी खाण्यात धरलेलं नाही. बाईंना हसू आवरेना.

उद्या बेकरीला कुलूप आणि माझ्या तोंडालाही. पुन्हा रक्त देतो. पोरीला सांग, मामा आहे.

तुझा राग झेलणारा,
दादा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. नवा आकडा आला, एकशे एकवीस! चिमणीचा किती गं?

२८ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चिमणीचा एकशे अठरा, माझा एकशे वीस! आणि आज जनुकांच्या तपासणीचा रिपोर्ट आला. साखर किती झाली हे शरीराला ज्या जनुकामुळे कळतं, ते आपल्या घरात जन्मापासूनच जरा वरच्या आकड्यावर आहे. तुझ्या जुन्या भट्टीसारखं, काटा नेहमी दहा पुढे, पण पाव कधी करपत नाही. सुया नाहीत, गोळ्या नाहीत, चारचौघा पोरांसारखं जेवायचं! मी दवाखान्यातच तिला उचलून गरागरा फिरवलं. नर्ससुद्धा टाळ्या वाजवायला लागली.

दादा, तुझ्या केकनं काही झालं नव्हतं. तिला ते माझ्याकडूनच आलं, आणि मी तुला नाही नाही ते बोलले.

परवा ती बाहुलीला बजावत होती, मामाचा केक खाऊ नकोस, खाल्लास की मामा येत नाही. माझ्या काळजात चर्र झालं रे. शनिवारी तिला चार वर्षं पुरी होतात. केक घेऊन ये, आणि पहिला घास तिच्यासमोर मला भरव.

कान धरून दारात उभी असलेली,
धाकटी