घर आधी, विनवणी मागाहून

वाल्दिव्हिया, चिली, ८ नोव्हेंबर २०११

ती. ओर्फेलिनामावशीस यास्नाचा सा. न. वि. वि.

तुझ्या छातीतल्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा आमच्या प्रयोगशाळेत आला. नाव झाकून तो सहकारिणीने तपासला, मला हातही लावू दिला नाही. मावशी, बातमी चांगली नाही. गाठ लहान होती, सगळी निघाली, हे खरं. पण पेशींची एकमेकींवरची पकड सोडवणारं एक प्रथिन तिच्यात भरभरून सापडलं. अशा गाठीच्या पेशी अंगभर पसरायला बघतात. निघाल्याच असतील, तर आत्ताच औषधाने गाठायला हव्यात. डॉक्टरांनाही पटलंय. डिसेंबर ते मार्च, सगळा उन्हाळाभर पुएर्तो मोन्तच्या इस्पितळात राहावं लागेल. नाही म्हणू नकोस गं. आईच्या वेळी हे कुणाला कळलंच नाही.

लोभ आहेच, या वेळी माझं ऐकही.

तुझी यास्ना

लेमुय बेट, २० नोव्हेंबर

चि. यास्नास अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

गाठ गेली, विषय संपला म्हणून मी सुखात होते, तर तुझं प्रथिन आलं नाक खुपसायला! अगं, फेब्रुवारीत हे लाकडी घर अख्खंच्या अख्खं बैलांनी टेकडीवर ओढून न्यायचंय. समुद्राने परसातलं सफरचंदाचं झाड गिळलं, येत्या हिवाळ्यात चूल गिळेल. ही गावाने मिळून करायची मिंगा म्हणजे मजूर लावणं नव्हे, तुला माहीत आहे. घरच्या बाईने स्वतःच्या पायांनी दारोदार जाऊन विनवायचं, तेव्हा शेजारी बैल जुंपतात. सगळ्यात दणकट बैल त्या बाल्दोमेरोचे, आणि मेंढीच्या भांडणापासून त्या खडूसाचं मी तोंड पाहिलेलं नाही. त्याच्याकडे जायलाच मला महिना लागेल. आधी घर, मग तुझं औषध.

भीती वाटते, बाळा. वाटत नाही असं कशाला म्हणू? पण बरी होऊन राहू कुठे?

माया आहे तेवढीच राहू दे, उपदेश कमी कर.

मावशी

वाल्दिव्हिया, ४ डिसेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

रागावू नकोस, तू कास्त्रोच्या बाजाराला गेलीस तेवढ्यात मी बेटावर येऊन गेले. बाल्दोमेरोकाकांच्या दारात उभी राहिले. तुझी विनवणी मी करते म्हटल्यावर त्यांनी मला साफ उडवून लावलं. परक्या पोरीच्या शब्दावर बैल जुंपत नाही म्हणाले. मला रडूच फुटलं. मग तुझ्या गाठीचं सगळं सांगितलं.  तेव्हा कुठे ते म्हणाले, घर ओढतो, बाकीच्यांनाही मी सांगतो. पण विनवणी माफ नाही. ओर्फेलिनाने बरं होऊन, चालत येऊन ती करायची.

आता तरी पुएर्तो मोन्तची बोट पकड. राग नंतर काढ.

यास्ना

लेमुय, १९ फेब्रुवारी २०१२

श्रीमती ओर्फेलिना बार्रिया (इस्पितळ, पुएर्तो मोन्त) यांस बाल्दोमेरो नाहुएल्किनचा नमस्कार.

घर वर आलं. काच फुटली नाही. मांजर आतच झोपलं होतं. बैल चढावर अडले तेव्हा सगळं गाव दोराला लागलं, पाद्रीसुद्धा. घरधनिणीने घालायचं जेवण आम्हीच शिजवलं, खारट झालं. तुमची वाट बघतो. विनवणी बाकी आहे.

कळावे.

बा. ना.

लेमुय, १० मार्च २०१३

चि. यास्नास उदंड आशीर्वाद!

वर्षाची तपासणी झाली. फुप्फुस, हाडं, यकृत, कुठ्ठे म्हणजे कुठ्ठे काही नाही! डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं, मी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तुझ्या प्रथिनाने वेळेवर चुगली केली, बरं का. त्याला माझा नमस्कार कळव.

काल नवा झगा घातला. औषधाने गळालेले केस कोकरासारखे कुरळे उगवलेत, ते झाकले नाहीत. चालत बाल्दोमेरोच्या दारी गेले, सगळं गाव कुंपणाला चिकटलेलं. रीतसर मान झुकवून विनवलं, की समुद्र माझं घर खातोय, तुमचे बैल द्याल का?

मेल्याने वर टेकडीवरच्या माझ्या घराकडे बघितलं. चुलीचा धूर निघत होता. दाढी खाजवली आणि म्हणाला, विचार करून सांगतो.

लोभ असाच राहू दे. आता मीही राहणार आहे.

तुझी मावशी