पेट्रोलला मी घाबरत नाही

७ एप्रिल
सकाळीच वीज गेली. आईचं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं. हिने धावत जाऊन राखीव सिलिंडर लावला. वीज कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, काम चालू आहे. तुमचं काम चालू असतं तेव्हाच आमचं सगळं बंद पडतं, असं मी त्याला खडसावलं. फोन आधीच कटला होता. तरी खडसावलं.
निर्णय: जनरेटर. आजच. कुणाच्या बापाला विचारणार नाही.

८ एप्रिल
जनरेटर आला. पेट्रोलवरचा. अंगणात ठेवला. दुकानाच्या माणसाने एका झटक्यात सुरू करून दाखवला. मी दोरी ओढली तर खांदा धरला. दोरी चुकीच्या बाजूला बसवलीय.
ही म्हणाली, अहो, आधी सोबतचं पुस्तक वाचा. मी म्हणालो, पुस्तकं वाचून कुणी पोहायला शिकलंय का? शेजारचे मास्तर कुंपणावरून म्हणाले, आवाज फार आहे. तुमच्या शिकवण्यांपेक्षा कमीच, असं मनात म्हणालो.

९ एप्रिल
पंपवाला मूर्ख. प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल देत नाही म्हणे. त्यासाठीचा डबा आणा. गिऱ्हाईक मी की तू? वाद घातला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून त्याचीच बाजू घेतली.
मग स्कूटरमध्ये भरून आणलं आणि घरी नळीने ओढून काढलं. थोडं तोंडात आलं. हिने मला शेगडीजवळ फिरकायला बंदी केली. माझ्याच स्वयंपाकघरात!

११ एप्रिल
साठवणुकीची चोख व्यवस्था केली. सरबताच्या रिकाम्या बाटल्या, न्हाणीघरात, गॅस गिझरशेजारी. घरातली सगळ्यात थंड जागा. ही किंचाळली. ज्योत पेटते तिथे पेट्रोल ठेवतात का? घराबाहेर ठेवा, सावलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात. आणि माझ्या तोंडावर स्वतः जाऊन तसला लाल डबाही घेऊन आली.
हा सरळसरळ अपमान आहे. त्या डब्याने मी आता झाडांना पाणी घालतो. निषेध म्हणून.

१३ एप्रिल
आईने सरबत समजून बाटली उघडली. वासाने वाचली. घरभर आरडाओरडा. जणू मी विष कालवलं! बाटलीवर काय लिहिलंय ते माणसाने वाचून घ्यावं. सरबतच लिहिलं होतं, हा भाग वेगळा.
हिने सगळ्या बाटल्या अंगणातल्या शेडमध्ये नेल्या. मी त्या परत आणल्या. तिने पुन्हा नेल्या. शेवटी मी माघार घेतली. कंबर भरली म्हणून. तत्त्व सोडलेलं नाही.

१६ एप्रिल, दुपारी
वीज गेली. जनरेटर दणक्यात चालू. आईचं यंत्र चालू. आता बोला म्हणावं! कुणीच काही बोलत नाही. कौतुक करायला जीभ जड होते लोकांची.
टाकी संपत आलीय. ही म्हणते, बंद करा, गार होऊ द्या, मग भरा, तोवर सिलिंडर आहेच. म्हणजे घरात जनरेटर असताना आईला सिलिंडरवर ठेवू? मी मुलगा आहे की कसाई? विमानात तर उडता उडता भरतात. चालू ठेवूनच भरणार.

१७ एप्रिल
डाव्या हाताने लिहितोय. उजव्याला बँडेज आहे.
झालं ते नीट लिहून ठेवतो, नाहीतर हेच लोक उद्या मीठमसाला लावतील. पेट्रोल सांडलं. थोडंच. पण तापलेल्या सायलेन्सरवर. भक्कन पेटलं. मी प्रसंगावधान राखून लाल डब्यातलं पाणी फेकलं. आग पाण्यावर तरंगत थेट स्कूटरपर्यंत गेली. पाण्यानेही आग पसरते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हिने सांगितलं होतं म्हणे.
हिने आणि मास्तरांच्या बायकोने आईला खुर्चीसकट उचलून मागच्या दाराने बाहेर काढलं. सिलिंडर हिच्या काखेत. मास्तरांनी गाडीतला अग्निशामक आणून आग विझवली. मी सूचना देत होतो. ते ऐकेचनात. आता गल्लीभर त्यांचाच जयजयकार. माझ्या भुवया जळल्या, त्याचं कुणाला काही नाही.

१९ एप्रिल
ही आईला घेऊन भावाकडे गेली. तिथे इन्व्हर्टर आहे. आई माझी, आणि गेली सुनेबरोबर! जाताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मीही फोन करणार नाही. पाहू कोण आधी नमतं.

१९ एप्रिल, संध्याकाळी
फोन केला. मेहुण्याने घेतला. म्हणाला, दोघी पत्ते खेळताहेत.

२२ एप्रिल
खडे बोल सुनावायचेच, असं ठरवून मेहुण्याकडे गेलो. वाक्यं रिक्षात पाठ केली. आई खिडकीशी बसली होती. नाकात नळी, शेजारी यंत्राची संथ घरघर. तिने माझा हात हातात घेतला, बँडेजवरून बोट फिरवलं. विचारलं, दुखतंय का रे? मी नाही म्हणालो. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.
मग म्हणालो, आई, घरी चल. तिने माझा हात सोडला. मग म्हणाली, मला तिथे भीती वाटते. विजेची नाही.
ही आतून ताटं घेऊन आली. आईने मला विचारलं, जेवून जातोस का? पाहुण्याला विचारतात तसं.
जेवून आलो.