नसलेली घाण

लोणावळे, मंगळ. ६ ऑक्टो. १९३६

सकाळी परत घाण. वरणाला फोडणी देत होते, आणि एकदम मेलेल्या घुशीचा दर्प. नाकातसुद्धा नाही, पार घशात. ओकारी आली. डबे उपसले, फडताळ ओढलं, मोरी फिनेलनं धुतली. काही नाही. वि. ला विचारलं. म्हणतो, "आई, फोडणीचा वास येतोय, मस्त येतोय." सूनबाईला, सु. ला विचारलं. "मला नाही येत." हिला कशाचा येणार? तळेगावच्या मास्तरांची मुलगी, पुस्तकात नाक खुपसून वाढलेली. लग्नाला सहा महिने झाले तरी दुधाचं भांडं धड घासता येत नाही.

वरण ओतून दिलं, दुसरं लावलं. खानावळीतले जेवणारे ताटकळले. स्टेशनातले तारबाबू घड्याळ काढून बसलेले. मेली तार काय पळून जात होती!

गुरु. ८

घा. (यापुढे एवढंच लिहीन. पुरा शब्द लिहिला तरी मळमळतं.)

आज दुधाला. भाज्याहून धोंडू आबा दूध आणतो, त्याला दारातच धरला. चरवी धुतली होतीस का म्हटलं.

"आवं काकू, राखंनं घासली की! सकाळच्याला काडलंय, लय ताजं हाय. हे बगा, मीच पितो." आणि प्यालाही मेला घटाघटा, मिशीवरून ओघळ. बघून आणखीच शिसारी.

"मालक होते तवापासनं घालतोय मी हितं. कदी न्हाई बोललात असं."

दूध परत पाठवलं. चहाशिवाय कुरकुरले सगळे. कुरकुरा.

शनि. १०

या चुलीवर चाखून स्वयंपाक झालेला नाही. नैवेद्याआधी जिभेला लागलं की उष्टं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पातेल्यावर वाकून हुंगायचंही नाही, वाफ आपण होऊन येते तेवढी घ्यायची. वाफेवर मीठ कळतं. मला कळतं. हे गेल्यावर खानावळ काढली ती या नाकाच्या जिवावर. काकूंच्या आमटीत मीठ कणभर इकडचं तिकडे होत नाही, असं स्टेशनातला हमालसुद्धा सांगेल. नाकच गेलं तर मी कोण?

आज आमटी खारट. वाफेत मीठ कळेचना, नुसती घा. तारबाबू पाणी मागत राहिले, बोलले काही नाहीत. त्या न बोलण्याचाच संताप आला.

सु. चं काम असणार. मी वळल्यावर मीठ टाकलं असेल पुन्हा.

रवि. ११

ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं. पडवीत वि. ला सांगत होती.

"आई मधेच थांबतात. पळी हातात तशीच. ओठ चाटतात, मचमच करतात, काही खात असल्यासारखं. हाक मारली तरी ओ नाही. आणि मग म्हणतात घाण येतेय."

शी! म्हणजे मी चोरून खाते! सोवळ्यात! जन्मात माझ्याबद्दल इतकं ओंगळ कुणी बोललं नव्हतं. वि. ला म्हटलं, हिला तळेगावला पोचवून ये.

"किती दिवस?"

"मी बोलावीन तोवर. नाही बोलावलं तर नाही."

गप्प बसला. गप्प बसायची ही खोड हुबेहूब वडिलांची.

सोम. १२

गेली. वाकून नमस्कार केला, वर म्हणते, "आई, मला खरंच वास येत नव्हता." सुंभ जळला तरी पीळ जात नाही! ती गेल्यावर तिच्या हातची सगळी भांडी चिंचेनं घासली. आता स्वच्छ.

बुध. १४

सु. नाही. दूध मी तापवलं, ताक मी घुसळलं, मोरी मी धुतली.

घा. तीच. तशीच.

मग कोण

गुरु. १५

लिहायची लाज वाटते.

वाढताना पडले. घा. आली एवढं आठवतं. नंतर एकदम नाकाशी तारबाबूंची चप्पल. चामड्याची, अख्खा पावसाळा चिखलात भिजलेली. माझ्या नाकाशी! कुणीतरी ओरडत होतं, "फेपरं आहे, नीट हुंगवा, कांदा आणा कांदा!" जीभ चावली गेलेली. तोंडाला फेस. लुगडं ओलं. पुढचं लिहीत नाही. भर पंगतीत. शी शी शी.

चपलेची घाण मात्र खरी होती. ती सगळ्यांना येत होती.

शनि. १७

वि. नं बाजारातल्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण आहे, मिशी फुटली न फुटली. पहिलाच प्रश्न काय, तर "नसलेलं काही दिसतं का? कुणी नसताना हाका ऐकू येतात? अंगावर किडे चालल्यासारखं होतं?"

म्हटलं, मी वेडी नाही.

"वेडाचं कोण बोलतंय, काकू? मोतीबिंदूनं नजर गेलेल्या चांगल्या शहाण्या म्हाताऱ्यांना समोर माणसं दिसतात. ताप डोक्यात चढला की छताला साप लोंबतात. धोतऱ्याचं बी पोटात गेलं की माणूस हवेतले दोरे वेचत बसतो. दारुड्याची दारू एकदम तुटली की त्याला उंदीर दिसतात. डोळा, कान, कातडी, नाक, कुणीही खोटी साक्ष देऊ शकतं. का देतंय ते शोधायचं असतं."

दारुड्यांच्या पंगतीत नेऊन बसवलं मला! धन्य.

आरसा लावून नाक पाहिलं, दाढा ठोकल्या. नाक साफ, दात साफ. म्हणाले, नाकात काही बिघाड असता तर बरं होतं. हा वास नाकात नाही, मेंदूत उठतो. वास हीच झटक्याची सुरुवात. कधी वासावरच भागतं, कधी माणूस पडतो. का होतं? डोक्याला जुना मार असेल, कधी गाठ असते, कधी काहीच सापडत नाही. "मुंबईला मोठ्या इस्पितळात डोक्याचा फोटो काढायला हवा." गाठ हा शब्द हळू आवाजात उच्चारला. ऐकू आलाच.

मग विचारलं, "वास येतो तेव्हा तुम्ही काय करता?"

"काय करणार? सोसते."

"ओठ हलतात? चावल्यासारखं तोंड होतं?"

वि. म्हणाला, "सुशी सांगत होती तसं."

"कोण सुशी?"

"माझी बायको. आईनं तिला—" आणि थांबला. आयुष्यात एकदा गप्प बसला नाही तोही नेमका इथं.

डॉक्टर म्हणाले, तिला घेऊन या, मला तिच्याकडून ऐकायचंय. तुम्हाला स्वतःला ते कधीच कळणार नाही.

रवि. १८

घटस्थापना परवाच झाली. घट बसवले खरे, पण देवीपुढे उभं राहायचं तोंड नाही.

खोटारडी म्हटलं तिला. जे होतं तेच ती सांगत होती, आणि मी भांडी चिंचेनं घासत होते. स्वतःची किळस येते. ही किळस तरी खरी ना? डॉक्टरांना विचारायला हवं.

दोघातिघांनी डबे बंद केले. फेपऱ्याच्या बाईच्या हातचं नको म्हणे. झाकली मूठ राहायची नव्हतीच. तारबाबू येतात. चप्पल हल्ली पार फाटकाबाहेर काढून ठेवतात, मूर्ख माणूस.

मंगळ. २०

तळेगावला मी स्वतः गेले. वि. म्हणाला चिठ्ठी पाठवू. म्हटलं, बाहेर काढायला माझं तोंड होतं, आणायलाही तेच न्यायचं.

मास्तर दारात. "या विहीणबाई." पाणी आलं, गूळ नाही. बरोबरच आहे. उभ्या उभ्या सांगितलं, "घाण माझ्या डोक्यात होती, तुमच्या मुलीच्या हातात नव्हती. चुकले."

सु. आतून आली. म्हणते, "मी येते. पण मला वास येत नसला तर मी येतो म्हणणार नाही."

"कोण सांगतंय तुला म्हणायला!"

कानाखाली द्यावीशी वाटली आणि रडूही आलं.

गुरु. २२

सु. नं डॉक्टरांना सगळं सांगितलं. पळी कशी धरते, ओठ कसे चाटते, डोळे कसे होतात. एक शब्द वावगा नाही. मी तिथंच बसून माझंच ओंगळ वर्णन ऐकलं. डॉक्टरांनी मुंबईला चिठ्ठी दिली आणि झटक्यांवर ब्रोमाइडची बाटली. औषध खारट, झोप येते. सोमवारी सकाळच्या गाडीनं जायचं.

रवि. २५, दसरा

बासुंदी. धोंडू आबाचं दूध. आटत आली, वेलची घातली, आणि घा.

फडक्यानं पातेलं धरलं, मोरीत ओतायला. दुसऱ्या बाजूनं सु. नं धरलं.

"वास येतोय?"

"नाही."

"नीट सांग. ऊन आहे, दूध नासलं असेल. पंगत बसायचीय."

"नाही येत, आई."

हिच्या शब्दावर वाढायचं? खरंच नासलेलं असलं तर खानावळ संपली. ओतावं, तर दसऱ्याला सगळ्यांची पानं कोरडी. नैवेद्य व्हायचा होता. आणि कार्टीनं पळीभर बासुंदी तळहातावर घेतली आणि प्याली. माझ्यासमोर. सोवळ्याच्या चुलीवर.

"चांगली आहे. साखर जरा कमी."

पुढचं आठवत नाही. सु. सांगते, मी उभ्या उभ्या मचमच केली. भानावर आले तेव्हा तिनं माझं कोपर धरलेलं, पातेलं चुलीवरून उतरवलेलं. तोंडात मेलेली घूस.

म्हटलं, "देवीला गूळखोबरं दाखव. आणि यात साखर घाल."

वाढली तिनंच. तारबाबूंनी वाटी चाटली. मला एक थेंब गिळवला नाही. ते चाटत होते आणि मी तोंडावर पदर धरून दारात उभी. कुणाचं पोट बिघडलं नाही.

उद्याची बोचकी वि. नं बांधली. दोन लुगडी, ब्रोमाइडची बाटली, चिठ्ठी.

सु. आत्ता विचारून गेली, "तुम्ही परत येईपर्यंत मी चाखून करू का?"

परत येईपर्यंत म्हणाली. अजून उत्तर दिलेलं नाही.